नीलूची टाच

नीलू,

शोकसभेत तुझ्या विभागप्रमुखांनी तुला ‘विज्ञानाची निःस्वार्थ उपासक’ म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या हातात पेन्सिल नव्हती, हे त्यांचं नशीब. पुढे ते म्हणाले, ज्या रोगाचा जन्मभर अभ्यास केला त्याच रोगाने न्यावं, हा केवढा दैवदुर्विलास. सभागृहातल्या माना हलल्या. तुझा दादा माझ्या शेजारी होता, त्याचीही हलली. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा थांबली.

दैव यात कुठून आलं? दैवाला तुझी टाच दिसत नव्हती. तुला दिसत होती. आणि एकदा, वीतभर अंतरावरून, मलाही दिसायला हवी होती.

आज तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. मंडईमागच्या प्रकाशकांनी तुझ्या पुस्तकाच्या शेवटी छापायला माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. जन्म, शिक्षण, संशोधन, ‘दीर्घ आजाराने निधन’. गेली तीस वर्षं मी त्यांच्याकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्यांनी लिहायचं आणि मी चुका काढायच्या, ही विभागणी मला मानवली होती. तू ती मोडलीस. तेव्हा दोन पानांत मावेल ते आणि मागितलं आहे ते, यांपैकी काहीच मी लिहिणार नाही.

तुझं काम मला कळावं म्हणून एका रविवारी तू माझ्या डब्यातला सगळा चायना ग्रास संपवला होतास. तो शिजवून ताटात ओतलास, अर्धवट गोठल्यावर त्यावर मोहरी पेरलीस, आणि पूर्ण गोठल्यावर मला म्हणालीस, “वहिनी, बोट टेकव आणि जरा ओढ.” मी ओढलं. मोहऱ्या सरकल्या.

“बघितलंस? आता मोहरी किती सरकली ते मोजायचं. पेशीला काही विचारायचं नाही. पेशी सांगत नसते. ती किती जोर लावते ते तिच्या खालची मोहरी सांगते.”

दादा चहाचा कप घेऊन बघत उभा होता. “हे आता खायचं का?”

“खा. पण मोहऱ्या मोजून परत दे.”

एवढंच तू वीस वर्षं करत होतीस, फक्त मोहरीपेक्षा फार बारीक कण वापरून. मला ते त्या दिवशी जितकं कळलं तितकं तुझ्या कुठल्याही व्याख्यानात कळलं नाही. कातडीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात आणि सतत एकमेकींना ओढत असतात. रंग तयार करणारी पेशी त्या गर्दीत तशी एकटी असते, शेजारणी तिला जागेवर धरून ठेवतात. ती बिघडली तरी पुष्कळदा त्यांच्या पकडीत गप्प राहते. कधी कधी शेजारणी मिळून बिघडलेल्या पेशीला ढकलत ढकलत बाहेरही काढतात. पण पकड सैल झाली, किंवा आजूबाजूची जागा कडक होत गेली, की तोच दाब उलटा पडतो. चेपली गेलेली पेशी मरत नाही, फटीतून निसटायला शिकते. तू लिहिलं होतंस, ‘कर्करोग हा केवळ एका पेशीचा बिघाड नाही, तिच्या आणि तिच्या शेजारणींच्या ओढाताणीचा इतिहास आहे.’ त्या वाक्यावर मी खूण केली नव्हती. फार क्वचित असं होतं.

खूण केली ती बसच्या उदाहरणावर. वारज्याहून हडपसरला, प्रयोगशाळेत, तू रोज उभ्याने जायचीस आणि ती बस तुझ्या पुस्तकात शिरली. खच्चून भरलेल्या बसमध्ये कुणी पडत नाही, कारण सगळे सगळ्यांना धरून असतात, असं तू लिहिलंस. मी समासात लिहिलं, ‘बसमध्ये माणसं एकमेकांना धरत नाहीत, नुसती चेपतात. उदाहरण पटत नाही.’

तू समोरच्या फ्लॅटमधून तो कागद घेऊन तरातरा आलीस. “पुण्यातली बस आहे गं वहिनी. इथे कोण कुणाला धरणार? पडलास तर पड म्हणतील, वर विचारतील, पास काढलाय का.”

“मग शेजारी धरतात की ढकलतात, ते आधी ठरव.”

“दोन्ही करतात.”

“कधी काय, ते वाचकाला कसं कळणार?”

“मलाच अजून पुरतं कळलेलं नाही, तर वाचकाला कुठून कळेल? तसंच लिहू दे की.”

मला ते तसंच लिहिणं मान्य नव्हतं. संपादन माझ्याकडे होतं. मी ते प्रकरण अडवून धरलं, सात आठवडे. आपला वाद जिन्यात व्हायचा, भाजी निवडताना व्हायचा, एकदा तर तू दात घासताना झाला. तेव्हा मला मजा येत होती. आता ते सात आठवडे मी बोटांवर मोजत बसते. का, ते पुढे सांगते.

त्याच प्रकरणात एक वाक्य आहे. ‘सावळ्या लोकांत हा रोग झालाच तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली आढळतो, आणि तिथे कुणी पाहत नाही.’ तुझं वाक्य, नीलू. तुझ्या अक्षरात. मी त्यात ‘आणि’च्या आधी एक स्वल्पविराम घातला आणि पुढे गेले.

प्रकरण संपलं तिथे मात्र मी थांबले होते. वाचक म्हणून मला काहीतरी कमी वाटलं. मी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘मग वाचकाने काय करायचं?’ दुसऱ्या दिवशी कागद परत आला. माझ्या प्रश्नावर लाल रेघ आणि खाली तुझा शेरा, ‘हे आरोग्यपत्रक नव्हे. काढ.’ मी काढला. माझ्याकडचं खोडरबर चांगलं आहे, कागदावर काही उरत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेविषयीही मला बोलायचं आहे, कारण सभेत त्याविषयी कुणी बोललं नाही. मी तिथे एकदा आले होते. तुमच्या पेशी परदेशातून गोठवून आलेल्या, कुणा गोऱ्या माणसाच्या कातडीतल्या. भिंतीवरची चित्रं गोऱ्या पाठींची, गोऱ्या दंडांची. तुम्ही सगळे सावळे, आणि सगळे त्या पाठींकडे बघत जेवणाचा डबा खाणारे. मी विचारलं होतं, “हा रोग आपल्याकडे होतो का?” तुझ्या विभागप्रमुखांनीच उत्तर दिलं होतं, “आपल्याला निसर्गानेच सावळ्या रंगाची छत्री दिलेली आहे.” सगळे हसले. तूही हसलीस. तुम्हा सगळ्यांना तळपायाचं ते वाक्य पाठ होतं. पण ते वाक्य पुस्तकात होतं आणि पाय बुटात होते.

आता गौरी.

आपल्या घरच्या रीतीने गौरी आणायच्या घरच्या लेकीने, आणि उंबऱ्याशी तिच्या पायांवर दूधपाणी घालायचं सुनेने. तू लग्न केलं नाहीस म्हणून ती रीत मोडली नाही. तू समोरच्या दारातून निघायचीस आणि आमच्या दारात पोचायचीस, चार पावलांचं सासर-माहेर. पायाखाली परात असायची. तू एकेक पाय त्यात उचलून ठेवायचीस, मी धुवायची, पुसायची, कुंकू लावायची. मग मी विचारायची, गौर कोणत्या पावलांनी आली? तुझं उत्तर दर वर्षी वेगळं. “बसच्या पावलांनी.” “पुरणाच्या वासाने.” एकदा म्हणालीस, “अनुदान संपल्याच्या पावलांनी.” सासूबाई होत्या तोवर चिडायच्या.

गेल्या वर्षी तू परातीत पाय उचलला नाहीस. दोन्ही पावलं फरशीवर घट्ट टेकवून उभी राहिलीस. “वरूनच घाल गं, उशीर होतोय.” मी वरून घातलं. डाव्या टाचेच्या कडेला चिकटपट्टीचं टोक पाण्याने सुटून वर आलेलं दिसलं.

“काय झालं?”

“नवी चप्पल चावली.”

मी विचारलं, कोणत्या पावलांनी आली? आणि तू पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, रीतीचं उत्तर दिलंस. सोन्याच्या. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, पन्नाशी आली, आता ही निवळली. मी कुंकू लावलं आणि उंबऱ्यावरची रांगोळी पुसली जाईल म्हणून उठले.

मला आता कळतं, तुला तिथून लवकर सुटायचं होतं.

दिवाळीनंतर जांघेत गाठ आली तेव्हा तू दाखवलंस. पुढचे महिने मला लिहायचे नाहीत. फक्त एक दुपार लिहिते. तू खाटेवर पडून होतीस आणि दादा खाली औषधं आणायला गेला होता. आधी कुणा डॉक्टरांनी मोजा न काढताच भोवरी म्हणून सांगितलं होतं, चप्पल बदला म्हणाले होते, हे तू मला तेव्हा सांगितलंस. “मलाही भोवरीच वाटली, वहिनी.” मी तुझ्यावर विश्वास ठेवला. त्या डॉक्टरांना मनातल्या मनात इतक्या वर्षांची सभ्यता सोडून शिव्या घातल्या. मी विचारलं, दिवसभर उभी असतेस, त्यानेच झालं का गं हे? तुझ्यातली मास्तरीण उठून बसली. तळपायाला ऊन नाही, पण माणसाचं सगळं वजन आहे. जिथे भार जास्त तिथे असे डाग जास्त दिसतात, असं काहींचं निरीक्षण आहे. सततच्या दाबाने पेशींना आतून इजा होत असेल, पण नक्की नाही. “आणि चालण्याने कर्करोग होतो असं कुठे छापलंस ना, तर मी परत येईन.”

छापते, म्हणजे येशील, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

मग तू म्हणालीस, “पूर्णविराम सुटला तर तुला जेवण जात नाही. आणि एवढी चिकटपट्टी सोडलीस?”

तू हसत होतीस. मी खिडकीकडे बघत राहिले. तुझं खरं होतं, म्हणून मी ते गिळलं आणि सात महिने पोटात घेऊन फिरले. रोज. आंघोळ करताना, मुद्रितं वाचताना, तुझ्या पायाला तेल लावताना.

त्याच दुपारी तू मला शब्द द्यायला लावलास. “पुस्तकात माझ्या आजाराची एक ओळ नको. लोक पुस्तक वाचणार नाहीत, माझा पाय वाचतील. आणि एका पायावरून विज्ञान होत नाही.” मी दिला. तुझा मुद्दा बरोबर होता. तुझे मुद्दे बहुधा बरोबर असायचे.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी मी पुस्तकासाठी आकृत्या शोधायला तुझा लॅपटॉप उघडला. त्यात ‘टाच’ नावाचं एक फोल्डर होतं.

सात फोटो. गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत, दर महिन्याला एक. प्रत्येकात तुझी डावी टाच, शेजारी स्टीलची फूटपट्टी, एकाच खिडकीचा एकसारखा उजेड, एकच कोन. पहिल्या तिन्हींत डागाभोवतीची कातडी ब्लेडने तासलेली, म्हणजे तोवर तुला खरंच भोवरी वाटत होती. चौथ्यात तासलेलं नाही. चौथ्यात काळ्याची कड एका बाजूला सांडल्यासारखी पसरलेली. तिथून पुढे तू ब्लेड लावलेलंच नाहीस. तुला कळलं होतं.

सोबत एक तक्ता. तारीख, लांबी, रुंदी, शेरा. ‘बदल नाही.’ ‘किंचित.’ ‘कड असमान.’ ‘रंग दोन प्रकारचे.’ पाचव्या फोटोची तारीख मी माझ्या वहीशी ताडून पाहिली. त्याच आठवड्यात तू माझ्या प्रश्नावर लाल रेघ मारली होतीस. मग वाचकाने काय करायचं? हे आरोग्यपत्रक नव्हे. काढ.

आणि सातव्या फोटोपुढचा शेरा, ‘पुस्तक हातावेगळं झालं की दाखवणे.’

पुस्तक माझ्याकडे होतं, नीलू. बसवरून अडलं होतं.

मी ते वाचलं आणि खुर्चीवरून उठून तुझ्या स्वयंपाकघरात गेले, तिथे करण्यासारखं काही नव्हतं, परत आले. गेले नऊ दिवस मी रागात आहे आणि तो राग कुणावर ठेवावा हे मला ठरवता येत नाही. मोजा न काढणाऱ्या डॉक्टरांवर ठेवून झाला. छत्रीवाल्या विभागप्रमुखांवर ठेवला. माझ्यावर तर तो पहिल्यापासून आहे. पण फिरून फिरून तो तुझ्याकडेच येतो. तू बाई शास्त्रज्ञ, म्हणून फूटपट्टी ठेवलीस. दुसऱ्या कुणी बाईने घाबरून शेजारणीला दाखवलं असतं. तू नोंदी घेतल्यास. स्वतःच्या पायाचं निरीक्षण केलंस, जसा तो काचेच्या बशीतला कुणी परका असावा. सात नोंदी झाल्या तरी तुला आकडे पुरेसे वाटले नाहीत. की आठवीत तो डाग आपोआप ओसरेल, अशी तुलाही वेडी आशा होती? असली तर तसं शेऱ्यात लिहायचं होतंस. मला ते वाचायला परवडलं असतं.

आणि हे सगळं माहीत असताना तू मला त्या खाटेवरून चिकटपट्टीचं बोललीस. ते बोलायचा तुला हक्क नव्हता. मी पट्टी सोडली, कबूल. पण पट्टी लावणारी तू होतीस.

तुझ्या दाराशी तुझी चप्पल अजून आहे. काल मी ती उलटी करून पाहिली. ‘नवी चप्पल’ आपण दोघींनी तीन वर्षांपूर्वी लक्ष्मी रोडवर घेतलेली. उजवी सगळीकडून सारखी झिजली आहे. डावी पुढच्या बाजूला, चवड्याखाली, पार गेली आहे आणि टाच जवळजवळ कोरी आहे. कितीतरी महिने तू टाच न टेकता चालत होतीस, माझ्या डोळ्यांसमोर, जिना चढत होतीस, बसमध्ये उभी राहत होतीस. तूच शिकवलं होतंस मला, पेशीला विचारायचं नाही, मोहरी किती सरकली ते बघायचं. मी तुला विचारलं, आणि तू चप्पल चावली म्हणालीस, आणि मी चप्पल बघितली नाही.

मी या घरात आले तेव्हा तू अकरावीत होतीस. माझी पुस्तकांची पेटी सासूबाईंनी माळ्यावर टाकायला सांगितली होती. तू पेटीवर बसून राहिलीस. “वर टाकायची तर मलाही टाका.” पेटी खाली राहिली. त्यानंतर या घरात मला जे काही वाचायला, गप्प बसायला आणि माझं काम करायला मिळालं, त्याची सुरुवात तिथे आहे. माझ्यासाठी पेटीवर ठाण मांडून बसणारी तू, आणि स्वतःच्या पायासाठी एक दिवस रजा टाकली नाहीस. मी तुझ्या दारात ठाण मांडायला हवं होतं. मी रांगोळी पुसली जाईल म्हणून उठले.

परवा मी दादाला सांगितलं की चौथा फोटो पुस्तकात जाणार. तो पेपर वाचत होता.

“पाय छापणार?”

“हो.”

“तिने नको म्हटलं होतं.”

“तिने भोवरीही म्हटलं होतं.”

त्याने पेपर बाजूला ठेवला. लॅपटॉप मागून घेतला. तोवर त्याने फोटो पाहिले नव्हते, मी दाखवले नव्हते. एकेक उघडून बघत गेला, चष्मा कपाळावर चढवून, अगदी जवळून. चौथ्यावर थांबला.

“इथे कळलं असणार तिला.”

“हो.”

“लहानपणी खरचटलं तरी सगळा वाडा डोक्यावर घ्यायची.” मग उठला आणि चहा ठेवायला गेला. मला वाटलं, आता तो नाही म्हणणार, आणि मग मला त्याच्याशीही भांडावं लागणार. आतूनच म्हणाला, “काळ्या-पांढऱ्यात छापू नकोस. रंग कळला पाहिजे.”

तेव्हा मी दिलेला शब्द मोडते आहे. तुझ्या विज्ञानाला हात लावलेला नाही. एका पायावरून काही सिद्ध केलेलं नाही, चालण्याविषयी एक अक्षर नाही. बस तू लिहिलीस तशी ठेवली आहे, आणि तिच्याखाली तुझंच वाक्य, शेजारी धरतात आणि ढकलतातही, कधी काय ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. मला वाटतं, ते आता पटतं. तुला हे सांगायला जिन्यात यावंसं वाटतं.

पण प्रकरणाच्या शेवटी माझा प्रश्न परत घातला आहे. पेन्सिलने नाही. मग वाचकाने काय करायचं? त्याखाली तुझी टाच, फूटपट्टीसकट, आणि खाली मी लिहिलेल्या दोन ओळी. ‘ही या पुस्तकाच्या लेखिकेची टाच. तिने ती सात महिने मोजली आणि कुणाला दाखवली नाही. आपण आज आपले तळपाय पाहावेत, आणि डाग बदलत असेल तर मोजत बसू नये, दाखवावा.’ हे आरोग्यपत्रक आहे. असू दे.

यंदा आपल्याकडे गौरी नाहीत, वर्षाच्या आत बसवत नाहीत. पुढच्या वर्षी घरातली जी कुणी मुलगी त्यांना घेऊन दारात येईल, तिला मी उंबऱ्यावर थांबवणार आहे. ती कोणत्या पावलांनी आली ते नंतर विचारीन. आधी सांगणार आहे, पाय उचल, परातीत ठेव, टाच इकडे कर. होऊ दे उशीर.